एका नाकपुडीपुरती बाग

११ फेब्रुवारी, रविवार. दोन तिकिटांचे सातशे ऐंशी रुपये.

ज्येष्ठ नागरिकांना सवलत होती, पण ती फक्त सोमवारी, आणि सोमवारी बाग बंद. खिडकीतल्या बाईने हे नखं कुरतडत, मान वर न करता सांगितलं. गुलाबरावांनी पैसे मोजून दिले, पावती घडी घालून खिशात ठेवली आणि खिडकीपासून दोन पावलं लांब गेल्यावर म्हणाले, "दरोडेखोराला निदान लाज म्हणून तोंड तरी बांधावं लागतं."

"चल," अक्का म्हणाली. "रडायचं ते आत जाऊन रड."

गुलाबराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. फिनेल आणि मुतारीतल्या गोळ्या करणाऱ्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी मिश्रणखात्यात गेली. कुठल्या पिंपातलं काय, किती आणि कशात ओतायचं हे त्यांनी ठरवायचं. कारखान्याची सगळ्यात जास्त खपलेली गोळी म्हणजे गुलाबाची, आणि तो गुलाब त्यांनी जुळवलेला. साथीदारांनी त्याच दिवशी बारसं करून टाकलं. पुढे बढती मिळाली, केस गेले, निवृत्तीचा समारंभ झाला, पण नाव काही सुटलं नाही. त्या समारंभात साहेबांनी हातात गुलाबांचा गुच्छ दिला, तेव्हा गुलाबरावांनी तो मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा धरला आणि घरी येताना बसमध्ये विसरले. मुद्दाम विसरले.

कारण गुलाबाचा वास आला की त्यांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या फरशीवरून उतरलेले पिवळे ओघळ येत. सिनेमागृह, बसस्थानक, सरकारी दवाखाना, जिथे जावं तिथे दाराआड त्यांचाच गुलाब उभा. कपड्यांत तो होता, उशीत होता, डब्यातल्या पोळीत होता. त्यांची बायको म्हणायची, "माझा साबण, माझी बादली आणि माझं नशीब, तिघांना एकच वास." आज तिलाही बागेत चला म्हटलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही बहीणभाऊ जा. मी आयुष्यभर गुलाबच पिळलाय."

गुलाबरावांनाही यायचं नव्हतं. पण अक्काने आयुष्यात मागितलेली ही पहिलीच गोष्ट. अक्का त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. गुलाबराव दोन वर्षांचे असताना आई गेली, वडील त्याआधीच. तेव्हापासून अक्काने धुणीभांडी करून त्यांना वाढवलं, शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही आणि त्याबद्दल एक चकार शब्द कधी काढला नाही. आता तिच्या नाकाच्या मुळाशी गाठ झाली होती. डावी नाकपुडी बंद पडलीच होती. येत्या गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "जीवाला धोका नाही. पण वास जाईल. दोन्ही बाजूंचा."

"जाऊ दे," अक्का म्हणाली. "या जगात हुंगण्यासारखं आहे काय असं!" मग घरी येताना वाटेत थांबून म्हणाली, "बाळ्या, ती बाग पुन्हा उघडली म्हणतात. गुरुवारच्या आधी मला एकदा तिथं ने."

"तुला धड दिसत नाही, अक्का. काय बघणार?"

"बघायला कोण जातंय? एक नाकपुडी चालू आहे ना? तेवढी भरून घ्यायचीय."

ती बाग कुठली हे गुलाबरावांना सांगायला नको होतं. आई त्या बागेत कामाला होती. लहानपणी झोप येईना की ते अक्काला विचारत, "आई कशी होती?" अक्काला चेहरा नीट सांगता यायचा नाही. ती म्हणायची, "आई ना? बागेतनं आली की गुलाबाचा वास यायचा तिला. पहाटेचे दवातले गुलाब खुडायची ती. केसांना वास, हातांना वास, पदराला वास. डोळे मीट, येईल बघ." आणि डोळे मिटले की त्यांना खरोखर यायचा. आईची दुसरी काही आठवण त्यांच्याजवळ नव्हती. फोटो नाही, वस्तू नाही. होता तो हा एक वास, तोही सांगोवांगी.

पुढे कारखान्यात मालकांनी नवा गुलाब मागितला, तेव्हा तरुण गुलाबरावांनी हाच वास समोर धरला. सात महिने ते पिंपांमध्ये आई शोधत होते. दव कसं आणायचं, पहाट कशी आणायची. एके दिवशी कागदाची पट्टी नाकाशी नेली आणि अंगावर काटा आला: हीच. ती पट्टी त्यांनी मालकांपुढे ठेवली. मालकांनी हुंगली, पुन्हा हुंगली आणि खूश होऊन म्हणाले, "झकास. हा मुतारीला काढू."

गुलाबरावांनी मिश्रणाचं प्रमाण लिहून दिलं. पगार वाढला. पण हे त्यांनी अक्काला कधी सांगितलं नाही, बायकोलाही नाही. लोक आपल्या आईवर काय करतात हे रोज डोळ्यांसमोर यायचं, आणि जिभेवर आलेलं ते गिळून टाकायचे. किळस ही अशी चौतीस वर्षं गिळलेली.

मधल्या काळात बाग नाहीशी झाली होती. मूळ कुण्या धनवंताने आपल्या हौसेसाठी उठवलेली. त्याच्या वारसांत भांडणं लागली, पाणी तुटलं, मग तिच्यावर भराव घालून बसगाड्यांचं आगार झालं, मग आगारही गेलं आणि गंजलेले सांगाडे उरले. मोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून खणायला घेतलं, तर खालून दगडी पाट निघाले, कारंज्याची कुंडी निघाली, फरसबंद वाटा निघाल्या. लगेच विश्वस्त मंडळ उभं राहिलं. पैसा आला. चार वर्षांत बाग जशीच्या तशी उभी राहिली असं वर्तमानपत्रात छापून आलं.

जशीच्या तशी! गुलाबराव आत पाऊल टाकल्यापासून तोंड वाकडं करून चालत होते. पाटांच्या तळाशी निळा रंग मारलेला. कारंज्याजवळ खुर्च्या टाकून आइस्क्रीमचं दुकान. एक नवरा बायकोला "हास, हास, जरा मनापासून हास," म्हणून दटावत फोटो काढत होता, आणि ती बिचारी दाढ दुखत असल्यासारखी हसत होती. वाफ्यांत गुलाब होते, भरपूर होते. एका मापाचे, एका उंचीचे, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे. गुलाबरावांनी एक फूल ओढून नाकाशी नेलं. काही नाही. कोबी हुंगावा तसं.

"बिनवासाची जात लावलीय," ते म्हणाले. "दिसायला भपका, आणि नाकाला..."

बोलता बोलता ते थबकले. झुडपाच्या मागे कुठेतरी फुस्स असा आवाज झाला, आणि वास आला.

दवातला गुलाब. पहाट. पहाटेच्या मागे किंचित कापूर.

तो कापूर त्यांनी स्वतः घातला होता. मुतारीतला तिखट, डोळ्यांत जाणारा दर्प दाबायला. बागेत त्याचं काही काम नव्हतं. जगात दुसरा कुणी शहाणा माणूस गुलाबात कापूर घालणार नाही. गुलाबरावांनी फांदी बाजूला केली. खांबावर पांढरी पेटी होती, तिच्या तोंडातून बारीक तुषार उडत होते. पुढच्या वाफ्यात दुसरी पेटी. त्याच्या पुढे तिसरी. आणि वाटेच्या कडेला पितळी पाटी: शंभर वर्षांपूर्वीचा सुगंध, संशोधनातून पुन्हा आपल्या भेटीला.

कारखान्याने त्यांचा गुलाब पिंपाने विकला होता, आणि या लोकांनी तो चाळीस पावलांवर एक असा टांगला होता.

आता अक्काला काय सांगायचं? तिने गुरुवारच्या आधी एक नाकपुडी भरून घ्यायला हजारदा विचार करून तोंड उघडलेलं, आणि आपण तिला आणलं ते आपल्याच गोळीपुढे. गप्प बसावं का? ती म्हणेल, हाच तो वास, आणि सुखाने ऑपरेशनला जाईल. मुतारीचा वास आई म्हणून शेवटचा घेऊन जाईल. हे पुण्य की पाप, त्यांना कळेना. त्यांनी नुसता रुमाल काढून तोंड पुसलं.

एवढ्यात लाल पट्टा घातलेला एक तरुण माहितीवाला दहा-बारा जणांचा घोळका घेऊन आला. अक्काची काठी आणि जाड चष्मा बघून त्याला दया आली असावी.

"आजी, पुढे या. आता सगळ्यांनी डोळे मिटायचे. खोल श्वास घ्या. हा श्वास तुम्हाला शंभर वर्षं मागे नेईल."

सगळ्यांनी डोळे मिटले. पेटी फुसफुसली. अक्काने मान किंचित कलती केली, उजवी नाकपुडी पुढे केली आणि श्वास घेतला.

"कुठे पोचलात, आजी?"

"संडासात," अक्का म्हणाली.

घोळक्यात कुणीतरी खिदळलं. माहितीवाल्याचा चेहरा पडला. "आजी, हा शास्त्रोक्त पद्धतीने..."

"अरे बाबा, तीस-पस्तीस वर्षं या वासाच्या घरात काढलीत मी. माझ्या भावाचा वास आहे हा. हा इथं उभा आहे, विचार त्याला. तुझ्या शंभर वर्षांपूर्वी हा जन्मलाही नव्हता."

सगळे गुलाबरावांकडे बघू लागले. एका बाईने सरळ नाक उडवलं. गुलाबरावांनी अक्काचा दंड धरला आणि तिला तिथून बाहेर काढलं.

"चल घरी," ते म्हणाले. "फसवणूक आहे सगळी. पैसे गेले ते गेले."

"घरी का? बाग कुठाय?"

"हीच बाग."

"ही? हिला वासच नाही." अक्का काठी आपटत उभी राहिली. तिचा चेहरा लहान मुलासारखा हिरमुसला होता. गुलाबरावांनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. धुण्याभांड्यांच्या घरी शिव्या खाऊन यायची तेव्हासुद्धा नाही. "एवढं एकच तर म्हटलं होतं मी, बाळ्या."

मग ती म्हणाली, "जाऊन येते. कुठाय बायकांचं?"

स्वच्छतागृह बागेच्या टोकाला, जुन्या भिंतीला लागून होतं. दारातच गुलाब. गुलाबराव तोंडावर रुमाल धरून बाहेर थांबले. ज्या जागेसाठी तो केला होता तिथे तो निदान प्रामाणिक होता, असं त्यांना वाटून गेलं, आणि त्या विचाराचीही किळस आली.

अक्का बाहेर आली ती परतीच्या वाटेला वळलीच नाही. भिंतीच्या कडेने, काठीने चाचपत, उलट्या बाजूला निघाली.

"अक्का! इकडे. तिकडे काही नाही."

"गप," ती म्हणाली. तिची मान पुन्हा कलती झाली होती.

भिंतीला पत्र्याचं दार होतं. आत येण्यास मनाई असं त्यावर लिहिलेलं. अक्काला ते दिसलं नाही, दिसलं असतं तरी तिने जुमानलं नसतं. तिने काठीने दार ढकललं, आणि गुलाबरावांच्या तोंडावर कुणीतरी ओलं पोतेरं मारावं तसा दर्प आला.

नासलेलं, आंबट, कुजकट. त्यात शेण, त्यात तेल, त्यात मेलेलं काहीतरी. आत दगडी टाकी होती, कमरेइतकी उंच, आणि तिच्यात दाट तपकिरी पाणी फसफसत होतं. वर फेसाची साय. सायीवर माश्यांचं काळं पांघरूण. काठाला पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एक पन्नाशीचा माणूस गुडघ्यापर्यंत पाटलोण दुमडून बांबूने ते ढवळत होता, आणि दर ढवळणीला तळातून एक बुडबुडा वर येऊन फुटत होता.

"ओ आजी, इकडे यायचं नाही," टाकीवाला म्हणाला. "साहेबांनी बघितलं तर माझी कातडी काढतील. घाण आहे इथं."

"कसली घाण?" गुलाबरावांनी रुमालातून विचारलं.

"पेंडीचं पाणी हो. पेंड आणि शेण भिजत घालायचं, महिनाभर कुजवायचं. गुलाबाला हेच लागतं. त्याशिवाय एक कळी धरत नाही. जुनीच टाकी आहे ही, खणताना अख्खी सापडली." तो बांबू टेकून जरा सैलावला. "उघडल्या उघडल्या लोकांच्या तक्रारी आल्या. एवढे पैसे घेता आणि वास कसला मारतोय म्हणाले. म्हणून मग त्या पेट्या लावल्या. गुलाब मारतात वरून, म्हणजे ही झाकली जाते."

अक्का ऐकत नव्हती. ती टाकीपाशी पोचली होती. तिने काठी भिंतीला लावली, दोन्ही हात त्या बुळबुळीत काठावर ठेवले, वाकली, आणि उजव्या नाकपुडीने श्वास घेतला. मग पुन्हा. माश्या उठून तिच्या पांढऱ्या केसांत बसल्या. ती हलली नाही.

"आजीला चक्कर येतेय का बघा," टाकीवाला म्हणाला.

"हीच," अक्का म्हणाली. "आई."

गुलाबरावांना वाटलं, ऊन लागलं हिला. ते पुढे झाले, पण दोन पावलांवर पोटातलं वर आलं आणि ते भिंतीशी जाऊन ओकले. तोंड पुसून वळले तेव्हा अक्का त्यांच्याकडे बघत होती, किंवा त्यांच्या आवाजाच्या दिशेने.

"फुलं खुडणाऱ्या बायका वेगळ्या होत्या रे," ती म्हणाली. "त्या न्हाऊन-धुऊन आलेल्या, नीटनेटक्या. आई इथं होती. हे ढवळायची आणि बादल्या भरून वाफ्यात ओतायची. मी छोटी बादली धरायचे. तू तिच्या पाठीला बांधलेला. रात्री कितीही अंग घासलं तरी जायचा नाही हा वास. केसांना, हातांना, पदराला. तू दूध प्यायलास ते या वासात."

"मग मला गुलाब का सांगितलास?"

"चार वर्षांचा होतास. आई कशी होती म्हणून रोज विचारायचास. मला शाळेत पोरांनी बाकावर बसू दिलं नव्हतं, नाकं धरायची. म्हणून तर सुटली माझी शाळा. तुला ते कशाला द्यायचं? शेजारीच गुलाब होता. तो उचलून दिला."

सात महिने पिंपांत शोधलेली आई. मालकांनी मुतारीला काढलेली आई. ती आई नव्हतीच. या क्षणी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांना फक्त एवढं दिसत होतं, की त्यांच्या गुलाबाने आजवर जे झाकलं त्यात शेवटी हेही आलं.

"इकडे ये," अक्का म्हणाली. "जवळून घे एकदा. तुझी पण आई आहे."

ते गेले. श्वास रोखून गेले, मग सोडला आणि ओढला. पण रुमालाला, शर्टाला, मिशीला त्या पेट्यांचे तुषार बसले होते. आधी गुलाब आला, मग कापूर, आणि त्याच्या खालून ती घाण वर आली तशी त्यांची मान आपोआप मागे गेली.

"नाही जमत, अक्का."

"नाजूक आहेस," ती म्हणाली. "लाडावून ठेवलं मी."

मग तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढली, उरलेलं पाणी जमिनीवर ओतलं आणि टाकीवाल्यापुढे धरली. "भरून दे."

"घरच्या कुंड्यांना का? पस्तीस रुपये बाटली. चोरून देतो तसं, पण देतो."

गुलाबरावांच्या पाकिटात पाचशेची नोट होती. टाकीवाल्याने आपले ओघळणारे हात पुढे करून दाखवले. "सुट्टे कुठून आणू? राहू द्या. पुन्हा आलात की द्या."

परतीच्या बसमध्ये बाटलीचं झाकण नीट बसेना. शेजारचा माणूस उठून गेला, मग पुढचे दोघं उठले. कंडक्टर नाक धरून म्हणाला, "कोण मेलंय का पिशवीत?" "माझी आई," अक्का म्हणाली, आणि त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. गुलाबराव खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना लाज वाटत होती आणि मळमळत होतं, आणि दोन्हींत जास्त काय हे सांगता आलं नसतं.

घरी बायकोने बाटली पाहिली, हुंगली, आणि "माझ्या स्वयंपाकघरात ही येणार नाही," एवढंच म्हणून मागच्या खिडकीत जागा करून दिली. चार दिवस अक्का खिडकीशी खुर्ची टाकून बसली. झाकण काढायची, नाकपुडी लावायची, झाकण लावायची. गुरुवारी सकाळी दवाखान्यात निघताना शेवटचं काढलं आणि स्वतःच घट्ट लावलं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली. वास गेला, डॉक्टर म्हणाले होते तसा. आता तिला गुलाबही कळत नाही, दूध उतू गेलेलंही कळत नाही. जेवताना ती म्हणते, "सगळं एकच लागतं, कागद खाल्ल्यासारखं."

पण रोज संध्याकाळी ती गुलाबरावांना खिडकीशी बोलावते.

"बघ रे, अजून येतो का?"

गुलाबराव झाकण काढतात. बाटली आता आणखी नासली आहे, तळाशी काळा गाळ बसला आहे. ते वाकतात, श्वास घेतात, आणि डोळ्यांत पाणी येऊन मागे होतात.

"येतो."

"कसा?"

"घाण."

"हां," अक्का म्हणते. "मग ठीक आहे. लाव झाकण."

गुलाबराव त्यानंतर बागेकडे फिरकलेले नाहीत. बाटलीचे पस्तीस रुपये टाकीवाल्याला अजून द्यायचे आहेत.